शांततेचं इंग्रजी

श्रीकृष्णराव ताऱ्यांना शांतता राखायची नोकरी लागली ही बातमी आमच्या इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या गल्लीला त्यांनी स्वतःच दिली, आणि त्यासाठी त्यांना घराबाहेर पडावं लागलं नाही. पोळ्या लाटत बसलेल्या बायकोच्या, उषाताईंच्या कानाशी तोंड नेऊन ते हळूच म्हणाले, "लागली गं! भंवरकुआंला, रीडिंग रूमवर! पोरांना गप्प बसवायचं काम आहे!" तशी पलीकडच्या घरातून नथूजींनी "बधाई हो तारेजी!" म्हणून आवाज दिला आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने पेढे कधी म्हणून विचारलं. श्रीकृष्णराव खूश झाले. गल्लीचं आपल्यावर किती बारीक लक्ष असतं, असं त्यांना वाटलं.

दोष त्यांचा नव्हता. सारी उमेद गिरणीच्या साचेखात्यात गेलेली. साचा म्हणजे कापडाचा माग. असे शेकडो माग एका छपराखाली धडधडायला लागले की तिथे देवाचं नाव घेतलं तरी देवाला ऐकू जायचं नाही. त्या खात्यात माणूस एक तर बेंबीच्या देठापासून ओरडतो, नाही तर आवाज न काढता नुसते ओठ हलवतो आणि समोरचा ते ओठ वाचतो. सुपरवायझर तारेसाहेबांना या दोन्ही विद्या उत्तम येत. मधली विद्या, म्हणजे चारचौघांसारखं बोलण्याची, तेवढी राहून गेली होती. हळू बोलायचं म्हणजे साच्यापेक्षा हळू, एवढंच त्यांना ठाऊक. आणि हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. आईवडिलांनी सांगितलं नाही, कारण मुलगा कमावता होता. बायकोने सांगितलं नाही, कारण नवऱ्याला असलं कसं सांगायचं? आणि गल्लीने सांगितलं नाही, कारण त्यात गल्लीची सोय होती. ताऱ्यांकडे आज भाजी कुठली, लेकीला, अमिताला पाहायला आलेल्या मुलाकडून काय निरोप आला, सगळं आम्हाला घरबसल्या कळायचं. फुकटचा रेडिओ कोण बंद करील हो?

मग गिरणी बंद पडली. पुष्कळांची चूल विझली, पुष्कळांची पोरं शाळेतून निघाली. श्रीकृष्णरावांचं त्यातल्या त्यात बरं होतं, पण त्यांची झोप गेली. शांततेत त्यांना झोपच येईना. कूस बदलत पडायचे आणि मग उठून पंखा मोठा करायचे, तो जरा खडखडायचा म्हणून. शांतता म्हणजे काहीतरी बंद पडलंय, एवढाच अर्थ त्यांना उरला होता आणि तो त्यांना सहन होत नव्हता. अशा माणसाला नशिबाने आणून बसवलं ते शांतता राखायला! नशिबाला तरी दुसरे उद्योग काय असतात म्हणा.

पण नोकरी टिकायलाच हवी होती. कारण नाही टिकली, तर बेटमा.

बेटम्याला उषाताईंच्या धाकट्या भावाचं, दौलतरावांचं खत-बियाण्याचं दुकान होतं. दुकान जोरात होतं आणि दौलतराव मनाने वाईट नव्हते, हीच पंचाईत. दर दिवाळीला ते म्हणायचे, "जिजाजी, इंदूरला काय ठेवलंय आता? या आमच्याकडे. काम काही नाही, नुसतं गल्ल्यापाशी बसायचं. म्हातारा माणूस बसलेला दिसला की गिऱ्हाईक भाव नाही करत." धाकट्या मेव्हण्याच्या ताटाखालचं मांजर होऊन युरियाच्या गोण्यांत बसायचं, आणि तेही भाव टिकवायला ठेवलेला म्हातारा म्हणून! ज्याच्या नुसत्या हात वर करण्यावर साच्यांची ओळ थांबायची, त्याने! त्या कल्पनेनेच श्रीकृष्णरावांच्या घशाखाली घास उतरत नसे.

रीडिंग रूम ज्या क्लासची, त्याचे मालक देवेंद्र सर. कंप्यूटर आणि स्पोकन इंग्लिश, दिल्लीच्या कुठल्याशा कंपनीची शाखा. तरुण माणूस, भर मे महिन्यात टाय लावायचा आणि घामाने टायसकट भिजायचा. त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "देखो अंकल, अपने यहाँ एटमॉस्फियर पूरा इंग्लिश का चाहिए. बच्चे को चुप भी कराना है तो इंग्लिश में. और दिल्ली से मॅडम आनेवाली हैं इन्स्पेक्शन को. उनको शोर बिलकुल नहीं चलता. मॅडम खुश, तो ब्रांच पक्की. ब्रांच पक्की, तो आप पक्के."

"आणि मॅडम नाखूश झाल्या तर?" श्रीकृष्णरावांनी हळूच विचारलं. देवेंद्र सरांच्या टेबलावरची टाचणी हलली. सरांनी कानात बोट घालून फिरवलं आणि विषय बदलला. एवढ्या वयाच्या माणसाला तेही काय सांगणार?

आता श्रीकृष्णरावांचं इंग्रजी. ते कच्चं होतं असं म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. पण ते आलं होतं विलायती साच्यांवरच्या पितळी पाट्यांवरून. त्या पाट्यांनी कुणाला कधी विनंती केलेली नव्हती. रीडिंग रूममध्ये पोरं तशी गुणी होती, खरगोन-बडवाहकडून शिकायला आलेली, थोडीफार कुजबुजणारी. पिंकी नावाची एक मुलगी मात्र होती. तिला हसू आलं की आवरत नसे, आणि येत सारखं असे. तिच्याकडे बघून श्रीकृष्णराव उभे राहिले आणि पाटीवरचं सर्वांत सौम्य इंग्रजी त्यांनी उच्चारलं.

"स्टॉप!"

दोन पोरांच्या हातून पेनं पडली. एकजण आपोआप उभा राहिला. पिंकीला हसता हसता उचकी लागली, ती थांबेना, म्हणून तिच्यासाठी पाणी आणायला चौघी उठल्या आणि खुर्च्या ओढल्याचा जो गदारोळ झाला, तो पंधरा मिनिटं चालला. श्रीकृष्णरावांनी मनाशी ठरवलं, शब्द चुकला. स्टॉप हा यंत्राचा शब्द आहे. माणसांना दुसरा पाहिजे.

इथून ते शब्दाच्या मागे लागले.

पहिला सल्ला नथूजींचा. नथूजींचे वडील महूच्या फौजेतले, स्वतः नथूजी तिथल्याच मिलिटरी स्टोअरमधून रिटायर झालेले. इंग्रजी म्हटलं की गल्लीत शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी श्रीकृष्णरावांना अंगणात उभं केलं, छाती पुढे काढायला लावली आणि म्हणाले, "एकच लफ्ज आहे तारेजी. सायलेन्स! बस. पुढे प्लीज नाही, मागे काइंडली नाही. पोटातून काढायचा. माझे वडील म्हणायचे तर झाडावरचे कावळे चूप व्हायचे."

हा सल्ला माणूस पाहून द्यायला हवा होता. श्रीकृष्णरावांनी दुसऱ्या दिवशी तो पोटातून काढला. पोरं खरंच चूप झाली. पण खालीच डॉक्टरांचा दवाखाना होता आणि नेमकं तेव्हा एका आजीबाईंचं बीपी मोजणं चाललं होतं. कंपाउंडर धावत वर आला. "कौन है भिया? डॉक्टरसाहब पूछ रहे हैं, कुछ गिरा क्या?" त्यावर रीडिंग रूममध्ये हशा पिकला, आणि शांतता गेली ती गेलीच.

"शब्द फार फौजी आहे," श्रीकृष्णराव घरी येऊन म्हणाले. "कोवळी पोरं आहेत. त्यांना झेपत नाही."

अमिता म्हणाली, "बाबा, आजकल असं नाही बोलत कोणी. प्लीज लोअर युवर व्हॉइस म्हणायचं. एकदम सॉफ्ट, एकदम डीसंट." अमिताला वाटलं, हे वाक्य म्हणता म्हणता तरी बाबांच्या लक्षात येईल. पोरगी हुशार, पण बापाला ओळखून नव्हती. श्रीकृष्णरावांनी ते वाक्य आरशासमोर घोटलं. आम्हीही घोटलं, इलाज नव्हता. किराणावाल्याचं तर आजही पाठ आहे. आणि रीडिंग रूममध्ये जेव्हा ते "प्लीज लोअर युवर व्हॉइस!" असं गरजले, तेव्हा पोरांनी आधी एकमेकांकडे आणि मग त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की त्यांना कळेना आपलं काय चुकलं. उच्चार तर अमितासारखाच केला होता.

त्यात एका पालकाची तक्रार आली. फी भरून मुलीला पाठवतो, तिला दटावायला नव्हे. देवेंद्र सर घाबरले आणि त्यांनी थेट दिल्लीला फॅक्स केला, की मुलांना गप्प करायचं अधिकृत वाक्य कळवावं. झालं! आता हे प्रकरण सरकारी वळणाने जायला लागलं. आधी लाइटच नव्हती, मग फॅक्सचा कागद अडकला, मग उलट चौकशी आली, की गप्प करण्याची गरज का पडते ते आधी कळवा. शेवटी उत्तर आलं. विद्यार्थी हा कस्टमर आहे, सबब 'नो' चालणार नाही. 'डोन्ट' चालणार नाही. 'स्टॉप', 'कीप', 'मस्ट' यांपैकी काहीही चालणार नाही. 'प्लीज' म्हणण्यात लाचारी दिसते, तेही टाळावं. कंपनीच्या सर्व शाखांत पाटीवर आणि तोंडी एकच वाक्य वापरण्यात यावं: 'थँक यू फॉर युवर सायलेन्स.'

श्रीकृष्णरावांनी तो कागद दोनदा वाचला. "पण सर, पोरं अजून गप्प झालेलीच नाहीत. मग थँक यू कशाचं?"

"यही तो पॉलिसी है अंकल. पहले थँक यू बोल दो, तो सामनेवाला शरम से चुप हो जाता है."

"आमच्या गिरणीत असं आधी थँक यू म्हटलं असतं तर एक वार कापड निघालं नसतं."

"इसीलिए तो बंद हो गई ना," देवेंद्र सर बोलून गेले, आणि लगेच त्यांनी जीभ चावली. कागद घडी करून श्रीकृष्णरावांनी खिशात ठेवला आणि टेम्पोत बसून ते घरी आले. टेम्पोचं इंजिन इतकं फटफटत होतं की वाटेत त्यांना जरा डुलकी लागली. हल्ली तेवढीच झोप व्हायची.

आता शब्द ठरला होता, म्हणजे चूक झाली तर ती म्हणण्याची. नथूजी म्हणाले, "टेपवर भरून ऐका तारेजी. माणसाला आपला आवाज आपल्याला कळत नाही." सज्जन माणूस. एवढं जवळ येऊन तोही वळसा घालून गेला.

श्रीकृष्णरावांनी अमिताच्या टेपरेकॉर्डरमध्ये वाक्य भरलं आणि चालू केलं. आतून नुसतं खर्र झालं आणि स्पीकरची जाळी थरथरली. पुन्हा भरलं, पुन्हा खर्र. "बिघडला की गं हा," म्हणून ते तो काखेत मारून पलासियाला घेऊन गेले. दुरुस्तीवाल्याने सगळं उघडून पाहिलं, आपली एक कॅसेट लावून पाहिली. गाणं स्वच्छ वाजलं.

"मशीन तो टनाटन है अंकल. इसमें किसी ने चिल्ला दिया है."

"कौन चिल्लाया?" श्रीकृष्णरावांनी विचारलं.

दुकानातले सगळे वळले. समोरच्या पानवाल्याने मान बाहेर काढली. दुरुस्तीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, टेपरेकॉर्डरकडे पाहिलं, आणि तो कागदात गुंडाळून त्यांच्या हातात देत अगदी मऊ आवाजात म्हणाला, "पैसे रहने दो अंकल."

श्रीकृष्णराव तडक घरी आले. उषाताई मेथी निवडत होत्या. ते त्यांच्या पुढ्यात बसले आणि जितक्या हळू विचारता येईल तितक्या हळू त्यांनी विचारलं, "उषा, खरं सांग. मी ओरडतो का गं?"

"नहीं नहीं तारेजी, बिलकुल नाही!" पलीकडून नथूजी म्हणाले.

"अहो, गप बसा ना! त्यांनी तुम्हाला नाही विचारलं!" ही नथूजींची बायको, कौसल्याबाई.

उषाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तेच उत्तर होतं. श्रीकृष्णराव मेथीच्या काड्या गोळा करायला लागले. इतक्या वर्षांत या घरात हळूच म्हणून काय काय बोललो, ते एकेक करून त्यांना आठवायला लागलं. अमिताला नकार आला तेव्हा मुलाकडच्यांना घातलेल्या शिव्या. गिरणी बंद झाली त्या दिवशी उषाच्या मांडीवर डोकं ठेवून जे बोललो ते. नथूजींच्या जावयाला आपण ठोंब्या म्हटलेलं. सगळं सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि नथूजी तरी दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन येत होते! लाजेने त्यांचे कान तापले. हा माणूस आयुष्यात कधी कुणापुढे खाली मान घालून उभा राहिला नव्हता, आणि आता त्याला स्वतःच्या ओसरीवर यायची चोरी झाली.

त्यांनी बोलणंच सोडलं. घरी सोडलं, गल्लीत सोडलं, रीडिंग रूममध्येही सोडलं. पाटी रंगवून आली होती ती भिंतीवर लावली आणि खाली मुकाट बसून राहिले. पोरांनी पाटी वाचली, थँक यू स्वीकारलं आणि बोलायला लागली. आधी कुजबुज, मग गप्पा, मग अंताक्षरी. मंडई बरी म्हणायची वेळ आली. देवेंद्र सर हात जोडून म्हणाले, "अंकल, परसों मॅडम आ रही हैं. कुछ तो बोलो! बोलते थे तो कम से कम आपकी ही आवाज थी, अब तो सबकी है." आणि त्याच दिवशी बेटम्याहून दौलतरावांचा निरोप आला, परवा जीप घेऊन इंदूरला येतोय, गल्ल्यामागच्या खुर्चीसाठी नवी गादी शिवून घेतलीय, जिजाजींचं काय ते तेव्हाच ठरवून टाकू.

आदल्या संध्याकाळी उषाताईंनी दार लावलं, अमिताला मैत्रिणीकडे पाठवलं आणि नवऱ्याला मोरीपाशी उभं केलं. स्वतः दारापाशी बसल्या. "म्हणा. आवाज मोठा झाला की मी हात खाली करीन."

श्रीकृष्णरावांनी म्हटलं. हात खाली आला. त्यांनी कमी केलं. हात आणखी खाली आला. आणखी कमी केलं, तर काहीच ऐकू येईना. मग जरा वाढवला, तर पलीकडे कौसल्याबाईंच्या हातून भांडं पडलं. मधलं काही निघतच नव्हतं. घाम फुटला बिचाऱ्यांना. "नाही होत गं मला," ते म्हणाले, आणि हेही गल्लीने ऐकलं. खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी आम्हाला ऐकवेना. किराणावाल्याने आपणहून रेडिओ लावला.

उषाताई उठून त्यांच्यासमोर आल्या आणि त्यांनी नुसते ओठ हलवले. आवाज नाही, श्वाससुद्धा नाही. "भिऊ नका. मी आहे."

श्रीकृष्णरावांनी ते ओठ वाचले. नवं लग्न झालं तेव्हा दीड खोलीत पडद्यापलीकडे सासू-सासरे असायचे. तेव्हा त्यांनीच नव्या नवरीला साचेखात्याची ही ओठांची बोली शिकवली होती. अंधार पडायच्या आत दोघं बसल्या जागेवरून तास तास बोलायची आणि सासूबाई म्हणायच्या, पोरगी किती अबोल आहे. पुढे सासू-सासरे गेले, घर मोकळं झालं, आणि ती बोली कधी सुटली ते दोघांनाही कळलं नाही. त्यांनीही ओठांनीच उत्तर दिलं. काय दिलं, ते विचारू नका. ऐकू आलं असतं तर सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, बारीक चष्म्याच्या, आणि इतक्या हळू बोलणाऱ्या की देवेंद्र सर त्यांच्या दोन पावलं मागून कान पुढे करून चालत होते. पोरं इस्त्रीचे कपडे घालून बसली होती. पिंकीने तोंडात रुमाल धरला होता. श्रीकृष्णराव पाटीखाली उभे होते आणि खिशातला फॅक्सचा कागद पुन्हा पुन्हा चाचपत होते. मनात एकच चाललं होतं, बोलायची वेळ येऊ नये. आज फक्त बोलायची वेळ येऊ नये. मॅडमनी टेबलं पाहिली, पंखे पाहिले, पाटी पाहून मान डोलावली. आता त्या निघणार, एवढ्यात लाइट गेली.

खिडकीखाली क्लासचा जनरेटर होता, पण तो नुसत्या कंप्यूटरांपुरता. तो सुरू झाला आणि सबंध मजला धडधडायला लागला. अंधारात पोरांना कंठ फुटले. एकाने शिट्टी मारली. पिंकीचा रुमाल सुटला. मॅडम काहीतरी बोलत होत्या, त्यांचं त्यांनाही ऐकू येत नव्हतं. पण खिडकीतून उजेडाची एक तिरीप त्यांच्या तोंडावर पडली होती आणि श्रीकृष्णरावांना त्यांचे ओठ लख्ख दिसत होते. मॅडम देवेंद्र सरांना विचारत होत्या, "इज इट ऑल्वेज लाइक धिस?" सरांना ओ की ठो कळलं नाही, त्यांनी घाबरून मान हलवली. हो म्हणाला गाढव! मॅडमनी पर्स काखेत मारली. श्रीकृष्णरावांना बेटमा दिसलं. गोण्या दिसल्या, नवी गादी दिसली. देवेंद्र सरांचे ओठ त्यांच्याकडे वळून म्हणत होते, "अंकल, बोलो! बोलो!"

आणि गंमत बघा. त्या धडधडाटात श्रीकृष्णरावांचा हात खिशातून बाहेर आला. कित्येक महिन्यांनी कान भरले होते. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता, यात कसं बोलायचं ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ते ताठ झाले, छाती भरून श्वास घेतला, आणि साचेखात्याच्या या टोकावरून त्या टोकाला जाईल अशा बेताने त्यांनी सुरुवात केली, "थँक यू..."

लाइट आली. खाली कुणीतरी जनरेटर बंद केला.

"...फॉर युवर सायलेन्स!"

पंख्यावरची धूळ खाली आली. खिडकीची काच बराच वेळ वाजत राहिली. खाली चौकात कुणीतरी सायकल थांबवून वर पाहिलं. शिट्टी मारणारा तोंडाचा चंबू करून तसाच थिजला. मॅडमचं वाक्य अर्धं राहिलं होतं, त्यांचं तोंड उघडं होतं, ते त्यांनी हळूहळू मिटलं. इतकी शांतता भंवरकुआंच्या चौकात कधी झाली नसेल. दिल्लीच्या साहेबालाच गप्प केलं होतं श्रीकृष्णरावांनी, तेही पॉलिसीप्रमाणे, आधी आभार मानून.

मॅडम त्यांच्याकडे चालत आल्या. चपलांचा आवाज तेवढा येत होता. श्रीकृष्णरावांना माफी मागायची होती, पण आता आवाजावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्यांनी नुसते ओठ हलवले. "सॉरी मॅडम."

मॅडमना वाटलं, इथे बोलायची हीच रीत असावी. त्याही ओठातल्या ओठात म्हणाल्या, "नो, नो." मग त्यांनी पोरांना कुजबुजत नावं विचारली. पोरांनी कुजबुजत सांगितली. देवेंद्र सर चवड्यांवर चालायला लागले. पिंकीसुद्धा कुजबुजली, हे मला तिनेच पुढे सांगितलं म्हणून मी मानतो. मॅडम काचेच्या दाराबाहेर गेल्या आणि जिन्यापाशी देवेंद्र सरांशी बोलायला लागल्या. दार बंद होतं. श्रीकृष्णराव आतून त्यांच्या ओठांकडे डोळे लावून होते, आणि मधेच सरांचा टाय आड येत होता. सर हलले. मॅडम म्हणत होत्या, "कीप हिम." मग जरा थांबून म्हणाल्या, "बट ओन्ली वन्स अ डे."

म्हणजे सकाळी दार उघडलं की एकदा म्हणायचं. दिवसभराला पुरतं.

संध्याकाळी ते गल्लीच्या तोंडाशी आले, तेव्हा सगळी गल्ली ओट्यांवर होती. ताऱ्यांच्या दारात जीप उभी होती आणि दौलतराव पायरीवर बसून किल्ली फिरवत होते. खिडकीत उषाताई उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. श्रीकृष्णराव नळापाशीच थांबले. त्यांनी तोंड उघडलं, आणि आम्ही सगळ्यांनी कान टवकारले. नथूजींनी हातातली बशी खाली ठेवली.

काही ऐकू आलं नाही. ओठ तेवढे हलले. उषाताईंच्या तोंडावरचा पदर गळून पडला. त्या हसल्या, डोळे पुसले, आणि त्यांचेही ओठ हलले. श्रीकृष्णराव मान हलवून पुन्हा काहीतरी म्हणाले, त्या पुन्हा काहीतरी म्हणाल्या. चांगलं बराच वेळ चाललं होतं, भर रस्त्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

"अहो तारेजी, काय झालं ते तर सांगा!" नथूजींना राहवेना. "काय करून राहिले तुम्ही दोघं?"

"ताई, जिजाजी काय म्हणाले?" दौलतरावांनी विचारलं.

"गादी चांगली शिवलीस, दौलत," उषाताई म्हणाल्या. "पण तूच बस तिच्यावर. चल, जेवून जा."

श्रीकृष्णराव सगळ्यांना हात जोडून आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आम्ही किती वेळ ओट्यांवर बसून होतो. किराणावाल्याने रेडिओसुद्धा बंद केला. पण त्या दिवशी ताऱ्यांकडे भाजी कुठली झाली होती, ते आमच्या गल्लीला आजतागायत कळलेलं नाही.